अकरा घरांचे आठ अलार्म

अलार्म आठ होते आणि घरं अकरा. ही जुळणी मास्तरांनी बसवली होती आणि ती दोन वर्षं बिनबोभाट चालली.

मास्तर म्हणजे रांगेच्या कोपऱ्यावरच्या घराचे मालक. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तीच भूमिती घरावर चालवली. प्लायची पार्टिशनं घालून चार खोल्यांच्या सात केल्या. त्यांचं बघून रांगेतल्या बाकीच्यांनीही आपापल्या घरांत सुतार बोलावले. धंदा सगळ्यांचा एकच. नातं ना गोतं अशी सहा-सात माणसं एका छताखाली ठेवायची, प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक.

मग नगरपालिकेने नियम काढला. पाच किंवा त्याहून जास्त परकी माणसं एका घरात भाड्याने ठेवायची तर परवाना हवा. परवान्यासाठी खोली ठरलेल्या मापाची हवी, बाहेर पडायची वाट मोकळी हवी, आणि खोलीखोलीच्या छताला धुराचा अलार्म हवा. तोही सुटा चालणार नाही. एक वाजला की घरातले सगळे वाजले पाहिजेत, म्हणजे खाली स्वयंपाकघरात काही पेटलं तर वर झोपलेला माणूस उठेल. तपासणीची तारीख मात्र आठ दिवस आधी पत्राने कळायची. मास्तरांनी पहिलं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "अकरा घरं एकाच दिवशी तर तपासणार नाहीत ना?"

वर्गणी निघाली आणि आठ अलार्मांचा एक संच आला. ज्याची तपासणी, त्याच्या छताला संच. तपासणीवाल्या बाई शिक्का मारून गेल्या की संच खाली, पिशवीत आणि पुढच्या घरी. मागे छताला उरायच्या त्या बशीएवढ्या पांढऱ्या बैठका. भाडेकरूंनी विचारलंच तर सांगायचं, अलार्म सर्व्हिसिंगला गेलाय.

लावायचं-उतरवायचं काम वायरमनचं. रांगेत त्याला फ्यूज म्हणत, कारण शिकाऊ असताना त्याने एकदा अख्ख्या रांगेचे दिवे घालवले होते. आता पन्नाशीला आला तरी नाव चिकटलेलंच. आठही अलार्म त्याने एकमेकांशी जोडले होते, तारेने नाही, रेडिओसारखे हवेतून. चार-पाच घरांपलीकडूनही त्यांना एकमेकांची हाक ऐकू जायची. संच आणला होता फसवायला, पण त्यातला एकही अलार्म बनावट नव्हता, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

गुरुवारी अकराला तपासणी होती ती त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घराची. बुधवारी संध्याकाळी त्याने ताईच्या स्वयंपाकघरात टेबलावर पिशवी उलटी केली. आतून सातच निघाले.

"आठवा?" ताई म्हणाली.

"मास्तरांकडे राहिलाय."

"राहिलाय म्हणजे? पाहुणा आहे का तो?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. मास्तरांच्या घराची तपासणी सोमवारी झाली. मंगळवारी दुपारी तो संच उतरवायला गेला. सात निघाले. आठवा होता वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत. तिथे राहणारा माणूस इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रभर चादरी धुवायचा आणि दिवसभर झोपायचा. घरात त्याला रातपाळीवालाच म्हणत. त्याने दार चार बोटं उघडलं आणि वायरमनच्या हातातला पेचकस पाहिला.

"तो राहू दे," रातपाळीवाला म्हणाला.

"राहू दे कसा? सर्व्हिसिंगला जायचाय."

"रविवारी बसवला आणि मंगळवारी सर्व्हिसिंग? मी चादरी धुतो हो, पण जाताना डोकं घरी ठेवून नाही जात." मग तो जरा नरम झाला. "खिडकी रंगाने चिकटलीय, उघडत नाही. शेजारच्या खोलीतला विजेच्या शेगडीवर काहीबाही वाळत टाकतो आणि कामावर निघून जातो. वर तो हिरवा ठिपका दिसला की मला डोळा लागतो. अजून दोन दिवस राहू दे, मग ने."

आणि त्याने आतून कडी घातली. रात्री कामावर जाताना तो खोलीला स्वतःचं कुलूप लावायचा.

"मग मास्तर काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"म्हणाले, सातात भागव. कुलूप तोडलं तर तो बोंब मारेल, नसती पीडा. आठवा आठवडाअखेर बघू."

ताई टेबलाशी बसली. ती हिशेबी बाई होती आणि घाबरली की तिचा आवाज वर न जाता खाली यायचा. "माझ्याकडे सहा खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याची वरची पायरी. आठ झाले. सातात कसं भागवू? एका खोलीला छत नाही म्हणून सांगू?"

परवान्याची मुदत महिन्यापूर्वीच संपली होती. या तपासणीत शिक्का बसला नाही तर भाडेकरू काढावे लागणार होते, आणि घर उभं होतं ते भाडेकरूंवर. मेहुणे गेल्यापासून बँकेचा हप्ता त्यातूनच जायचा. ताई स्वतः खालच्या मागच्या खोलीत राहायची. म्हणजे शिक्का नाही तर घर नाही, इतकं ते सरळ होतं. आई गेली तेव्हा वायरमन नऊ वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या शाळेच्या दप्तरापासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळं ताईने पाहिलं. तिच्यापुढे त्याला कधी नाही म्हणता आलं नव्हतं, आणि आज तर ती काही मागतही नव्हती.

त्याने हत्यारांच्या पेटीतून एक जुना, निकामी अलार्म काढला. आतलं सगळं उपसलं, एक छोटा हिरवा दिवा आणि बटणाएवढी बॅटरी बसवली, झाकण लावलं.

"हा जिन्यावर," तो म्हणाला.

"हा वाजतो?"

"नाही. नुसता डोळा उघडा आहे."

"आणि तिने नेमका हाच दाबला तर?"

"ती खोल्यांतला दाबते. आणि सगळे एकदम ओरडतात ताई. सात बोंबलत असताना आठवा गप्प आहे, कोणाला कळतंय?"

ताईने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "तुझे मेहुणेही शेवटी असेच झाले होते," ती म्हणाली आणि अलार्म त्याच्याकडे परत दिला.

तपासणीवाल्या बाई अकराच्या ठोक्याला आल्या. वय तिशीच्या अलीकडेच, पायांत सपाट बूट, खांद्याला पिशवी, हातात दुमडणारी काठी. काठीच्या टोकाला रबराचं बोंड होतं, छतावरची बटणं दाबायला. भाडेकरू सगळे कामाला गेलेले. ताईने "हा माझा भाऊ, वायरमन" अशी ओळख करून दिली.

"हे माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "या रांगेत सगळीकडे यांचंच काम दिसतं."

वायरमन हसला. हसायचं होतं की नाही, हे त्याला नंतर कळेना.

त्यांनी खोल्या मापल्या. भिंतीवर लाल ठिपका टाकायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. दारं उघडून सोडून दिली, आपोआप लागतात का ते पाहिलं. जिन्याखाली ठेवलेली सायकल बाहेर काढायला लावली. तिसऱ्या खोलीत त्या छताकडे पाहत थांबल्या.

"अलार्मच्या कडेला निळा रंग लागलाय."

"रंगकाम झालं होतं मध्यंतरी," ताई म्हणाली.

बाईंनी चारही भिंतींकडे पाहिलं. चारही पांढऱ्या होत्या. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, आणि वायरमनने मान लांबवून त्या वाचायचा प्रयत्न केला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी स्वयंपाकघरातला अलार्म दाबला. सगळं घर एका सुरात किंचाळलं. बाई जिन्याच्या पायथ्याशी कान देऊन उभ्या राहिल्या. बटण सोडल्यावर दहा सेकंदांत आवाज थांबला. मग वर जाऊन त्यांनी टोकाच्या खोलीतला दाबला, पुन्हा तेच. जिन्यावरच्या निकाम्या अलार्मखालून त्या दोनदा गेल्या. त्याचा हिरवा डोळा उघडा होता.

वायरमनच्या मनात वेगळंच चाललं होतं. तीन घरं सोडून कोपऱ्यावर आठवाही दोनदा ओरडला असणार. रातपाळीवाला उठून बसला असेल आणि वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असेल. मास्तर खाली पायरीवर पेपर वाचत हसत असतील. त्यांना आज अकराची तपासणी माहीत होती, आवाज कसला ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

खाली येऊन बाई टेबलाशी बसल्या आणि फॉर्म भरायला लागल्या. ताईने चहाचं विचारलं.

"ड्यूटीवर घेत नाही."

"पाणी तरी घ्या. पाण्याला परवाना लागत नाही."

बाईंच्या ओठाची एक कड हलली. त्यांनी पाणी घेतलं. पान उलटलं, दुसरं उलटलं, मग पिशवीतून शिक्क्याची डबी काढून टेबलावर ठेवली. ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. वायरमनने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस.

आणि सगळे अलार्म वाजायला लागले.

कोणी काही दाबलं नव्हतं. काठी दुमडून टेबलावर पडली होती. गॅस बंद होता. तिघांनीही वर पाहिलं. स्वयंपाकघराचा अलार्म घसा फोडून ओरडत होता, पण त्याचा दिवा हिरवाच होता. धूर ज्याला लागतो त्याचाच दिवा लाल लुकलुकतो, बाकीचे नुसते त्याला साथ देतात. हे वायरमनला जेवढं माहीत होतं तेवढं त्या रांगेत कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याला लगेच कळलं, ही हाक आठव्याची.

"वरच्या खोलीत काही चालू आहे का?" बाई उठल्या.

"काही नाही," ताई म्हणाली. "सगळे कामावर आहेत. जुने झालेत हो अलार्म. असं होतं कधीकधी."

बाई खोल्यांकडे निघाल्या. ताईने वायरमनकडे पाहिलं, आणि त्या नजरेत प्रश्न नव्हता. तिलाही कळलं होतं. शिक्क्याची डबी टेबलावर तशीच उघडी होती.

रातपाळीवाल्यानेच बटण दाबलं असेल, वायरमनने स्वतःला सांगितलं. दोनदा झोपमोड झाली, आता तो सूड उगवतोय. चिडका माणूस आहे. पण बटण दाबून धरलं तोवरच अलार्म वाजतो, सोडलं की दहा सेकंदांत थांबतो. एक मिनिट झालं. खाटेवर उभा राहून हात वर करून कोण एवढा वेळ बटण धरून ठेवील? शेजाऱ्याने शेगडीवर काही करपवलं असेल. पण शेजारी दिवसा घरी नसतो. दोन मिनिटं झाली. मास्तर आहेत की घरात. ते ऐकतीलच. ते जातील वर.

तो जागेवरून हलला नाही. तीन मिनिटं झाली.

"वायरमन, जरा वर या," बाईंचा आवाज आला.

त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, डोकं मागे टाकून. त्यांनी काठी उलगडून निकाम्या अलार्मला लावली होती. एवढ्या गलक्यात बोलायचं तर ओरडायला हवं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"हा मेलेला आहे. बाकीचे सात मी पाहून आले. एकाचाही दिवा लाल नाही. म्हणजे धूर या घरात नाही. यांच्या जोडीचा आठवा कुठे आहे?"

ताई जिन्याखाली आली होती. "काही नाही मॅडम, याने गडबडीत…"

"मी यांना विचारतेय."

वायरमनने कठडा धरला. "कोपऱ्यावरच्या घरात," तो म्हणाला. "वर, मागची खोली. आत माणूस झोपलाय."

बाई त्याला ढकलून जिना उतरल्या. फोन त्यांच्या कानाला होता आणि त्या पळता पळता पत्ता सांगत होत्या. वायरमन मागून धावला आणि रस्त्यावर त्यांच्या पुढे गेला. ताईने त्याच्या बाहीला हात घातला होता, की घालायला आली होती, ते त्याने पाहिलं नाही.

रस्त्यावर लख्ख ऊन होतं. मास्तर पायरीवर बसले होते, मांडीवर पेपर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वरून बारीक आवाज येत होता, टीव्हीवर कुठेतरी काही चालू असावं तसा.

"काय फ्यूजराव, झाली का ताई पास?" ते म्हणाले. मग मागच्या बाईंना पाहून त्यांनी आवाज बदलला. "या मॅडम. तपासणी जोरात चाललीय वाटतं. तीन-तीनदा वाजवताय. आमचा वरचा गडी पहिल्या दोन वेळेस भिंतीवर बुक्क्या मारत होता. आता दमला बिचारा, गप झालाय."

"मास्तर," वायरमन म्हणाला, "आम्ही दोनदाच वाजवला."

मास्तरांना ते समजायला किती वेळ लागला, हे वायरमन पुढे कधीच नेमकं सांगू शकला नाही. पेपर मांडीवरून घसरला. ते उठले नाहीत. त्यांचा हात खिशाकडे गेला, किल्ल्यांकडे, आणि तिथेच राहिला, कारण त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

आत शिरताच वायरमनने सवयीने आधी मेन स्विच खाली ओढला. जिन्याच्या वळणापर्यंत हवा स्वच्छ होती. वर धूर छताला लागून होता, राखाडी, सावकाश सरकणारा. शेजाऱ्याच्या कुलूपबंद दाराखालून तो येत होता, पण थोडाच. जास्तीचा कुठे गेला होता हे वायरमनला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच बोर्डावरून दोन्ही खोल्यांना वीज द्यायची म्हणून त्यानेच मधल्या प्लायला मूठभर भोक पाडलं होतं. बुजवायचं राहून गेलं होतं.

मागच्या खोलीची कडी आतून लावलेली. हाका मारल्या, दार बडवलं. आतला अलार्म ओरडतच होता. दुसरं काही आतून येईना.

"दार सोडा," वायरमन म्हणाला. दार जाड लाकडाचं होतं. त्याच्या बाजूची भिंत प्लायची होती आणि तिच्या पट्ट्या कुठे ठोकल्यात हे त्याला पाठ होतं. त्याने दोन पट्ट्यांच्या मधे लाथ घातली. तिसऱ्या लाथेला प्लाय फाटला. धूर बाहेर आला, काळा, कडवट, जळक्या रबराचा. बाईंनी गळ्यातला रुमाल तोंडाला बांधला आणि त्याच्या आधी त्या भोकात हात घालून कडी काढली.

रातपाळीवाला खाटेवरच होता. उठून पळायचा त्याने प्रयत्न केला असावा असं काहीच दिसत नव्हतं. त्याने डोक्यावर उशी ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी ती कानांवर दाबून धरली होती.

दोघांनी त्याला खाली आणलं. वायरमनने काखेत हात घातले, बाईंनी पाय धरले. जिन्याच्या वळणावर त्याचं डोकं कठड्याला लागलं, तरी तो कण्हला नाही. रस्त्यावर झोपवलं तेव्हा ताई तिथे पोचली होती. तिने हातातली ओली चादर घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि पदराने त्याच्या नाकाभोवतीचं काळं पुसलं. छाती हलत होती. पण एक श्वास आला की पुढचा येईल की नाही, याची वाट पाहावी लागत होती.

बंब आला, रुग्णवाहिका आली. रुग्णवाहिकेतल्या माणसाने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि सोबत्याकडे पाहून मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते वायरमनला कळलं नाही. "कोणी नातेवाईक?" असं त्याने विचारलं तेव्हा मास्तर पायरीवरून म्हणाले, "भाडेकरू आहे." आणि गाडी गेली, ताईच्या चादरीसकट.

बाई फुटपाथच्या कडेला उभ्या राहून वेळा लिहीत होत्या. बोटं काळी झाली होती, कागदावर ठसे उमटत होते.

"अकरा बेचाळीसला वाजायला लागले," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला सांगितलंत तेव्हा अकरा सेहेचाळीस. तुम्हाला कधी कळलं?"

वायरमनने मागे पाहिलं. ताई त्याच्या पाठीशीच उभी होती.

"पहिल्याच मिनिटाला," तो म्हणाला.

बाईंनी तेही लिहिलं. वर न पाहता, भरभर न करता, जशा खोल्यांच्या मापाचे आकडे लिहिले होते तसं.

"माझ्या परवान्याचं काय?" ताईने विचारलं. आवाज इतका खाली होता की बाईंना पुढे झुकावं लागलं.

"तुमच्या घरात तुमचे स्वतःचे अलार्म किती आहेत?"

ताईने एकदा आपल्या घराकडे पाहिलं. दार उघडंच राहिलं होतं. आत सगळे अजून ओरडत होते.

"एकही नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. मग त्या वायरमनकडे वळल्या. "आणि बाकीच्या घरांत?"

रांगेतले मालक एव्हाना आपापल्या दारांत येऊन उभे होते. कोणी हाताची घडी घातलेली, कोणी चहाचा कप घेऊन. कोणी पुढे आलं नाही. कोणी काय झालं म्हणून विचारलंही नाही. सगळे वायरमनच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्यातल्या एकूण एकाच्या घरी तो जेवला होता.

"संध्याकाळी इथे साठ-सत्तर माणसं झोपायला येणार आहेत," बाई म्हणाल्या. "मला आत्ता हवं आहे. उद्या नको."

"कुठून सुरू करू?"

"तुमच्या बहिणीच्या घरापासून."

त्याने सुरुवात केली. कुठल्या घरात किती माणसं, कुठली वाट ट्रंका ठेवून अडवलीय, कुठल्या बोर्डावर किती शेगड्या, कुठल्या प्लायला कुठे भोक. हे सगळं त्याच्याच हातचं होतं, म्हणून त्याला आठवावं लागलं नाही. घशात धूर होता, मधे मधे खोकला यायचा. तो ज्या घराचं सांगायला लागे त्या घराचा मालक आत जाई आणि दार लावून घेई. पहिली दारं हळू लागली. पुढची आपटून लागली. मास्तर पायरीवर तसेच बसून होते. त्यांच्यामागे बंबवाले जळका प्लाय ओढून बाहेर टाकत होते.

सात नंबरचं त्याने दोन वाक्यांत उरकलं आणि आठ नंबरवर आला. तो मालक त्याचा शाळेतला दोस्त होता, म्हणून त्याची जीभ जरा अडखळली.

"थांब," ताई मागून म्हणाली. तिने अजून कोणाकडे पाहिलेलं नव्हतं. ती आपल्या हातांवरचं काळं पाहत होती. "सात नंबरच्या मागच्या खोलीला खिडकीच नाही. मॅडमना अडगळीची खोली म्हणून दाखवली. तिथे दोघं झोपतात. तेही सांग."